स्वयंपाकघरातले पॅनेल लाइट काढून लटकते दिवे लावायचेत. त्याच भोकांत बसतील का?

सांजवात
नमस्कार मंडळी. आमच्या स्वयंपाकघराच्या फॉल्स सीलिंगमध्ये सहा गोल पॅनेल लाइट आहेत, प्रत्येकी १२ वॅटचे. खोलीत उजेड भरपूर आहे. तरीही मधल्या ओट्याशी चिरायला उभं राहिलं की सुरी जिथे चालते तिथेच सावली पडते. संध्याकाळी त्याच ओट्याशी कोणी वाचत बसलं तर वरून सरळ डोळ्यांत उजेड येतो. म्हणून या ओट्यावर तीन पेंडंट लावावेत असं मनात आहे. भिंतीवरून वायर ओढून प्लगमध्ये खुपसायचे नकोत, थेट वायरिंगला जोडलेले हवेत.

मापं देते: छत जमिनीपासून २६५ सेमी, ओटा ८८ सेमी उंच, १८० सेमी लांब, ९० सेमी रुंद. पॅनेलचं भोक १५ सेमीचं. सहाही दिवे एकाच बटणावर आहेत.

पॅनेल काढून त्याच भोकांतून पेंडंट सोडता येतील का? भोकं कशी झाकायची? आणि तीन दिव्यांत काम भागेल का? ज्यांनी घरी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भिंगरी
आम्ही केलंय, आणि मला फार आवडलंय. ओट्यावरचे दिवे लागले की घरातले सगळे अभ्यासाला, गप्पांना, कागदपत्रं पसरायला तिथेच येतात. बैठकीची खोली रुसून बसली आहे!

एक सांगते, दिव्याची टोपी काचेची किंवा धातूची घे, पुसता येईल अशी. स्वयंपाकघरात तेलकट वाफेचा थर सगळ्यावर बसतो, लटकत्या दिव्यावर जास्तच. कापडाची किंवा वेताची टोपी कितीही देखणी वाटली तरी तो थर निघत नाही.

खटका
माझा व्यवसायच हा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, पॅनेल लाइटच्या मागे एक छोटा डबा लोंबत असतो, तो ड्रायव्हर. घरातला एसी पुरवठा घेऊन तो पॅनेलला लागणारा ठराविक डीसी करंट देतो. पेंडंटमध्ये साधा एलईडी बल्ब लागणार असेल तर त्याला थेट एसी लागतो. म्हणजे ड्रायव्हर पूर्ण काढायचा आणि त्याच्या आत जाणाऱ्या वायरी वापरायच्या, बाहेर येणाऱ्या नाहीत. पॅनेलला पिन लावलेली आयती वायर समोर दिसते आणि तिलाच होल्डर जोडण्याचा मोह होतो. तसं करू नका. जुने हॅलोजन असतील तर तिथे १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर सापडेल. त्यालाही हाच नियम.

दुसरी गोष्ट, सहा दिवे एका बटणावर म्हणजे बहुतेक ठिकाणी एका दिव्यातून पुढच्या दिव्यात लूप गेलेला असतो. मधला दिवा काढून वायरी सुट्या सोडल्या की पुढचे सगळे बंद. काढलेल्या जागी फेजला (वीज आणणारी वायर) फेज, न्यूट्रलला (परतीची वायर) न्यूट्रल आणि अर्थला अर्थ जोडून लूप पुरा करावाच लागतो. हे जॉइंट बंद जंक्शन बॉक्समध्ये, चांगल्या कनेक्टरने करायचे. वायरी पिळून वर टेप गुंडाळणं हा जॉइंट नव्हे. उष्णतेने टेपचा गोंद सुटतो. जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर निघाली तर ती तांब्याला नुसती पिळून जोडायची नाहीच, त्यासाठीचे खास कनेक्टर लागतात.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. बटण बंद केलं म्हणजे वायर मेली असं धरू नका. कित्येक घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. मग दिवा बंद दिसतो आणि होल्डरमध्ये फेज तसाच जिवंत असतो. मुख्य बोर्डावरचा त्या लाइनचा एमसीबी (सर्किट तोडणारा खटका) पाडा. नुसत्या निऑन टेस्टरवरही विसंबू नका. शेजारच्या वायरच्या प्रभावाने तो उगाच उजळतो आणि कधी खराब होऊन गप्प बसतो. दोन टोकांचा टेस्टर किंवा मल्टिमीटर घ्या, आधी चालू सॉकेटवर तपासा, मग वायरींवर लावा, मग पुन्हा चालू सॉकेटवर. शेवटची तपासणी बहुतेक जण गाळतात, आणि मीटर मधेच बिघडला असेल तर तेवढ्यावरूनच कळतं.

पाऊलवाट
खटका, तुमचा आयडी या धाग्यासाठीच जन्माला आलाय. प्रतिसाद जपून ठेवला.

काजवा
मी थोडा विरोधी सूर लावतो. सावली पडते कारण दिवे पाठीमागे आहेत, ते छतात आहेत म्हणून नाही. पेंडंटही ओट्याच्या मध्यरेषेपासून तुमच्या बाजूला सरकला तर डोक्याची सावली पडणारच. मग छत फोडण्यापेक्षा दोन पॅनेल हलवून ओट्याच्या बरोबर वर आणले तर? भिंतीकडच्या ओट्यासाठी तर कपाटाखालची एलईडी पट्टी हाच सर्वांत उत्तम उजेड, कारण ती हातांच्या पुढून येते.

लटकत्या दिव्यांनी खोली दुभागते, पलीकडे बसलेल्या माणसाचा चेहरा दिव्याआड जातो. त्याचा विचार व्हावा.

तिरपी_रेघ
काजवा यांचा पहिला मुद्दा पूर्ण बरोबर, दुसरा उंचीवर अवलंबून आहे. प्रकाशयोजना हे माझं काम असल्यामुळे आकडे मांडते.

सहा पॅनेल गुणिले १२ वॅट. एलईडीचा साधारण वॅटमागे ९० ते १०० लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) हिशोब धरला तर खोलीत आज सुमारे ६,५०० ते ७,२०० लुमेन आहेत. पेंडंटमध्ये ८००-८०० लुमेनचे तीन बल्ब लावले तर होतात २,४००. म्हणजे सगळी पॅनेल काढली तर एकूण उजेड तिसऱ्या हिश्श्यावर येईल. धातूच्या बंद टोपीचे दिवे घेतले तर छत आणि कपाटांचा वरचा भाग काळोखात जाईल, कारण त्यांचा सगळा उजेड खालीच पडतो.

आता दुसरी बाजू. सांजवात यांच्या छतापासून ओट्याचा पृष्ठभाग १७७ सेमीवर आहे. दिवा ओट्यापासून ८० सेमीवर आला की अंतर निम्म्याहून कमी होतं. दिवा लहान असेल तर प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून तोच दिवा तेवढा खाली आल्यावर त्याच्या थेट खालच्या जागी जवळजवळ पाचपट उजेड देतो. कामाच्या जागेला ५०० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) मिळाले की चिरणं, निवडणं, वाचणं सगळं आरामात होतं, आणि तेवढं पेंडंट सहज देतात.

थोडक्यात, पेंडंट ओट्यासाठी आणि पॅनेल खोलीसाठी. "त्याऐवजी" हा शब्द डोक्यातून काढा, "त्याशिवाय" धरा.

उंचीचं म्हणाल तर ओट्यापासून दिव्याच्या खालच्या कडेपर्यंत ७५ ते ९० सेमी ठेवतात. तुमच्याकडे ७५ धरलं तर कड जमिनीपासून १६३ सेमीवर येईल. १८० सेमी उंचीच्या माणसाचे डोळे साधारण १६८ सेमीवर असतात, म्हणजे काजवा म्हणतात तसा दिवा नेमका दोघांच्या नजरेच्या मध्ये. घरात उंच माणसं असतील तर ८५-९० वर जा. आणि उघडा फिलामेंट दिसणारा बल्ब या उंचीला डोळ्यांना बोचतो. खोल टोपी किंवा दुधी काच घ्या.

ओळंबा
लटकत्या दिव्याचं वजन जिप्समवर टाकायचं नाही. फॉल्स सीलिंगचा बोर्ड १२.५ मिमी जाडीचा असतो. पॅनेल स्प्रिंगवर टिकतं कारण ते हलकं असतं आणि स्थिर असतं. पेंडंट हलतो, पुसताना ओढला जातो, बल्ब बदलताना पिळला जातो. दोन किलोचा काचेचा दिवा बोर्डाच्या प्लगवर लावलेला मी उतरवला आहे. भोकाभोवती बोर्डाचा नुसता भुगा झाला होता.

वर स्लॅब असेल तर स्लॅबमध्ये अँकर ठोकून आट्याची सळई खाली आणायची आणि तिच्यावर बॉक्स बसवायचा. वर लाकडी वासे असतील तर दोन वाशांमध्ये आडवी पट्टी मारायची. दिव्याचा भार त्याच्या तारेवर किंवा वायर पकडणाऱ्या क्लिपवर यायला हवा. तांब्याच्या जॉइंटवर एक ग्रॅमही नको.

भोक झाकण्याबद्दल: छताला टेकणारी दिव्याची वाटी साधारण १० ते १२ सेमीची असते आणि तुमचं भोक १५ चं, म्हणजे कड उघडी राहणार. मोठी गोल पट्टी मधे टाकून झाकता येतं, पण सहा ठिकाणी पट्ट्या दिसल्या तर छताला ठिगळं लावल्यासारखं दिसतं. मी होऊन सांगेन की भोक नीट बुजवा. आतून पट्टी टाकून तिला स्क्रू, बोर्डाची चकती बसवून तिलाही स्क्रू, जाळीची टेप, दोन हात पुट्टी, घासकाम. रंग मात्र पूर्ण छताला. तेवढ्याच जागी रंग लावला तर तिरप्या उजेडात डाग उठून दिसतो.

हिमपक्षी
इकडे उत्तर अमेरिकेत चित्र वेगळं आहे, इतर वाचकांसाठी लिहितो. छतात पत्र्याचा डबा असतो आणि आत स्क्रू होल्डर. त्या होल्डरमध्ये पिळून बसवायचा ॲडॉप्टर मिळतो, त्यालाच झाकणपट्टी आणि पेंडंट जोडलेला. वायरीला हातही लावावा लागत नाही. हलक्या दिव्यांना मला तो मार्ग वाईट वाटत नाही.

खटका
हिमपक्षी, भाड्याच्या घरात किंवा तात्पुरत्या सोयीसाठी ठीक. पण सांजवात यांच्याकडे होल्डरच नाही, स्प्रिंगचं पॅनेल आहे. आणि त्यांना कायमचं काम हवंय. डब्याच्या बाजूचा जंक्शन बॉक्स फक्त जोडणीसाठी असतो, दिव्याचं वजन घेण्यासाठी तो बनवलेला नसतो. कायमचं करायचं तर डबा काढून आधाराचा बॉक्स बसवावा.

हिमपक्षी
कायमच्या कामाबद्दल मान्य. त्यासाठी इकडे लांबी वाढवता येणारी लोखंडी दांडी मिळते. डबा काढल्यावर भोकातून ती वर सरकवायची आणि फिरवत न्यायची, दोन्ही टोकं वाशांत रुततात. मग तिच्यावर बॉक्स टांगायचा. छत आणखी फोडावं लागत नाही. डबा गेल्याने एक फायदाही झाला, हिवाळ्यात त्याच्या फटींतून गरम हवा माळ्यावर जायची ती बंद झाली. खूप जुन्या घरांत खडबडीत लेपाचं छत असेल तर कापण्याआधी त्यात ॲस्बेस्टॉस आहे का हे तपासून घ्या, ती धूळ छातीत जाणं फार वाईट.

आणखी एक, वायरींचे रंग. भारतात शिकलेल्या डोळ्यांना काळी वायर म्हणजे न्यूट्रल. अमेरिकेत काळी म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. युरोपात तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. ब्रिटनमध्ये २००६ च्या आधीच्या घरांत लाल फेज, काळी न्यूट्रल आणि नंतरच्या घरांत युरोपासारखं, म्हणजे एकाच छतात दोन्ही पद्धती भेटू शकतात. जग फिरलेल्या माणसाने रंगावर विश्वास ठेवू नये, मीटरवर ठेवावा.

देवदार
+१. आणि कायदाही बघावा. ऑस्ट्रेलियात स्वतः वायरिंग करायला मनाई आहे, परवानाधारक माणूसच लागतो. इतर काही देशांत बरीच मुभा असते. सांजवात, तुम्ही जिथे असाल तिथलं आधी पाहा.

भिंगरी
कुणीच कपाटांच्या दारांबद्दल बोललं नाही! उंच कपाटाचं दार पूर्ण उघडून बघ, त्याच्या वाटेत दिवा येतो का. आणि पंखा असेल तर वाऱ्याने हलके दिवे झुलतात. आमच्याकडे म्हणूनच लवचीक वायरऐवजी दांडीचे दिवे घेतले.

काजवा
पंख्याचं बरं आठवलं. दिवा पात्यांच्या वर राहिला तर पाती उजेड कापतात आणि ओट्यावर लखलख होते. डोकं दुखतं त्याने. दिवा पात्यांच्या पातळीखाली किंवा घेराबाहेर हवा.

तिरपी_रेघ यांच्या "त्याशिवाय" या मुद्द्यावर मी माझा विरोध मागे घेतो. पॅनेल राहणार असतील तर पेंडंटला माझी हरकत नाही.

सांजवात
सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेप घेऊन शिडीवर चढले आणि एक मोठाच प्रश्न दिसला. पॅनेलची भोकं दोन ओळींत आहेत, तीन-तीन, १२० सेमी अंतराने. खोलीच्या मानाने सारखी वाटलेली आहेत, पण ओट्याची मध्यरेषा जवळच्या ओळीपासून ४० सेमी दूर आहे. त्या भोकांतून दिवे सोडले तर ते ओट्याच्या कडेवर लटकतील, आणि टोकाचे दोन ओट्याच्या लांबीच्याही बाहेर जातील.

भोकापासून ओट्यापर्यंत वायर छताखालून नेऊन हुकात अडकवायची, असं काहींच्या घरी पाहिलंय. ते मला नको वाटतं. मग आता?

तिरपी_रेघ
बहुतेक स्वयंपाकघरांत हेच निघतं. छतातले दिवे खोलीची लांबी-रुंदी भागून आखतात, ओटा तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो. म्हणूनच भोकाच्या बदल्यात भोक असा विचार करायचा नाही. जिथे हात चालतात तिथे दिवा आणायचा, मग वायर तिथपर्यंत कशी जाईल ते बघायचं.

१८० सेमी ओट्यावर तीन दिवे तर टोकापासून ३०, ९० आणि १५० सेमीवर, म्हणजे मधली अंतरं ६०-६०. टोपी २० सेमीच्या आसपास ठेवा, त्याहून मोठी झाली की दाटी दिसते. मोठ्या टोपीचे दिवे आवडत असतील तर दोनच लावा, ४५ आणि १३५ सेमीवर. मला विचाराल तर दोन. समोरासमोर बसणाऱ्यांच्या मध्ये मोकळी जागा राहते.

भिंगरी
तीन! मधला दिवा नसेल तर ओट्याचा मध्य रिकामा वाटतो.

ओळंबा
दोन असोत की तीन, एकच लांब पट्टी छताला लावून तिच्यातून सगळे सोडले तर छताला वायरसाठी एकच छिद्र लागतं आणि आधाराचे दोन-तीन बिंदू पुरतात. सुटे लावले तर प्रत्येकाला बॉक्स आणि प्रत्येकाला सळई. पट्टीवाला प्रकार ओळंब्यात आणायलाही सोपा. दिवे लावल्यावर लेझर नसेल तर ओट्यावरून टेपनेच प्रत्येकाची उंची मोजा. छतावरून मोजू नका, फॉल्स सीलिंग एका टोकाला सेंटीमीटरभर खाली असू शकतं आणि तेवढा फरक तीन दिव्यांच्या ओळीत लगेच दिसतो.

खटका
आता वायरीचं. तुमची भोकं वाया गेलेली नाहीत, उलट तीच सोय आहे. पॅनेल स्प्रिंगवर असल्यामुळे ते खाली ओढलं की १५ सेमीची खिडकी मिळते, हात आत जातो. जवळच्या पॅनेलपाशी बॉक्स ठेवा, तिथून ४० सेमी आडवी वायर पाइपातून ओट्याच्या मध्यरेषेवर न्या. मधे छत फोडायची गरज नाही. पुढे कधी बिघाड झाला तर तेच पॅनेल काढून बॉक्स तपासता येईल. जॉइंट कधीही बुजवलेल्या छताच्या आत गाडायचा नसतो, तो हाताला लागला पाहिजे. म्हणून ओळंबा यांना विनंती, ते भोक तेवढं बुजवायला सांगू नका.

वेगळं बटण हवंच. सहाही पॅनेल आणि पेंडंट एकत्र लागले तर त्यांचा उपयोग निम्मा होईल. बोर्डापासून छतापर्यंतच्या पाइपात जागा असेल तर पेंडंटसाठी आणखी एक फेज वायर ओढता येते. जुन्याच वायरीला स्प्रिंग बांधून ओढतात. जागा नसेल तर छतात रिले (दुरून चालू-बंद होणारा स्विच) बसवून बिनतारी बटण लावता येतं. फक्त लक्षात घ्या, तुमच्या छतात जो फेज येतो तो बटणामागून येतो. जुनं बटण बंद केलं की रिलेही झोपणार. म्हणजे त्या बटणाला कायम चालू ठेवून पॅनेललाही रिले लावावा लागेल. म्हणून पहिला प्रयत्न वायर ओढण्याचाच करा.

आणि दिवा धातूचा असेल तर अर्थिंग जोडलंच पाहिजे. चौकोनात चौकोन अशी खूण असलेला दिवा दुहेरी इन्सुलेशनचा असतो, त्यालाच अर्थची गरज नसते.

ओळंबा
खटका यांचं म्हणणं मान्य. बॉक्सजवळचं भोक पॅनेलसकट राहू दे.

पाऊलवाट
अवांतर: माझ्याकडे पेंडंट डिमरवर आहेत आणि मंद केले की लुकलुकतात. बल्ब डिमरवर चालणारेच आहेत. कारण काय असेल?

खटका
डिमर जुना, साध्या बल्बच्या काळातला असणार. त्याला किमान भार लागतो, बऱ्याचदा ४० वॅटच्या आसपास. तुमचे तीन एलईडी मिळून २५ वॅटही होत नाहीत. एलईडीसाठीचा ट्रेलिंग एज डिमर लावा, किमान भार कमी असलेला.

सांजवात
ठरवलं. सहाही पॅनेल जागेवर राहतील, ओट्यावर एका पट्टीवरून तीन दिवे येतील (भिंगरी जिंकली), दुधी काच, २० सेमी, ओट्यापासून ८८ सेमीवर. घरातला सगळ्यांत उंच माणूस समोर बसवून आणि उभा करून पुठ्ठ्याच्या टोप्या दोरीने टांगून पाहिल्या. चेहरे दिसतात, कपाटाचं दारही उघडतं. बोर्डापासून वायर ओढणं आणि सळया ठोकणं जाणकार माणसाकडून करून घेणार आहे.

एक शंका उरली. पॅनेल ६५०० केल्विनची आहेत, पांढरी फक्क. पेंडंटला ३००० चे बल्ब घेतले तर विचित्र दिसेल का?

तिरपी_रेघ
एकत्र लागले की दिसेल. दुधी काच पिवळट आणि तिच्यामागचं छत निळसर वाटेल. पॅनेल बदलायची झाली तर ४००० ची घ्या, मग ३००० शी जुळतं. आत्ता बदलायची नसतील तर पेंडंटला ४००० लावा आणि नंतर पॅनेल त्याला मिळती आणा. बल्ब घेताना सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा जास्त बघा. ओट्यावर ताजं-शिळं रंगावरूनच ओळखायचं असतं, आणि ८० च्या बल्बखाली लाल रंग मळकट दिसतो.

सांजवात
४००० ठरलं. वायर पाइपातून निघाली की नाही ते काम झाल्यावर इथेच लिहीन.